आलेल्यांचं की असलेल्यांचं

राज्यघटनेत दुरुस्ती होणार अशी बातमी टीव्हीवर आली, की आमच्या लालबागच्या चाळीत अजून कोणीतरी हटकून म्हणतं, "आज काका हवे होते." आणि दुसरं कोणीतरी लगेच मला विचारतं, "वैशू, किती मतं लागतील गं?" मला विचारतात कारण मी एके काळी काकांच्या रविवारच्या वर्गाला बसलेली आहे. मी सांगते. दोन्ही सभागृहांत वेगवेगळं, एकूण सभासदांच्या निम्म्याहून जास्त, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश. काही कलमं असतील तर वर निम्म्या राज्यांची संमती. सांगता सांगता माझा आवाज काकांसारखा व्हायला लागतो. तो तसा झाला की मी पुढचं बोलणं आवरतं घेते आणि चहा टाकायला उठते.

काका म्हणजे दत्ताराम पालव. तिसरा माळा, खोली एक्केचाळीस. वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार, आणि हे फोर्टातल्या एका कायद्याच्या ग्रंथालयात सहायक. सहायक म्हणजे काय करता असं कोणी विचारलं तर ते सरळ सांगत, "चिठ्ठ्या चिकटवतो." ते खरंच होतं. कुठल्याही कायद्यात बदल झाला की नव्या मजकुराच्या छापील चिठ्ठ्या येत, आणि ग्रंथालयातल्या प्रत्येक प्रतीत त्या त्या कलमावर ती चिठ्ठी चिकटवायची. तीस-पस्तीस वर्षं माणसाने हे काम केलं. राज्यघटनेच्या प्रती त्यांच्या खास ताब्यात. "पुस्तक जाड होत चाललंय," असं ते आपल्या पोराच्या उंचीबद्दल बोलावं तशा कौतुकाने म्हणायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं.

चिकटवायची खळ ते घरी करत. गव्हाचं पीठ, पाणी आणि किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. इंदूकाकी, म्हणजे त्यांची बायको, त्यावरून रोज करवादायची. "आमच्या घरात आधी घटनेक पीठ, मगे चपातीक." काकी मालवणकडची, आणि मुंबईत चाळीस वर्षं काढूनही तिने आपली बोली सोडली नव्हती. काकांच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं खळीने कायम कडक झालेली असत. त्यांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला की केस ओढले जात.

त्यांची चिकटवायची एक रीत होती. बाकीचे लोक चिठ्ठीला सगळीकडून खळ फासत आणि दाबून मोकळे होत. काका फक्त डाव्या कडेला एक बारीक रेघ ओढत. चिठ्ठी झडपेसारखी उघडे आणि तिच्याखालचं जुनं कलम वाचता येई. वरिष्ठांनी यावरून त्यांना दोन-तीनदा झापलं, चिठ्ठ्या फाटतात म्हणून. काकांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा कडेलाच खळ लावली. मग एकदा एक मोठे वकील धावत आले. त्यांच्या अशिलाचं प्रकरण जुनं, आणि त्या वेळी कलमाचे नेमके शब्द काय होते ते त्यांना अर्ध्या तासात कोर्टात दाखवायचं होतं. सगळ्या प्रतींत जुनं कलम खळीखाली गाडलेलं. काकांच्या हातची एक प्रत निघाली. वकिलांनी चिठ्ठी उचलली, खाली वाचलं आणि तसेच पुस्तक घेऊन पळाले. हा प्रसंग काका फार मजेत सांगायचे, पण शेवटी गंभीर होऊन म्हणायचे, "बदलावं. पण काय बदललं ते मागच्याला वाचता आलं पाहिजे."

दुसरी त्यांची खोड म्हणजे मोजणं. "सगळ्यांना पसंत आहे" असं कोणी म्हटलं की काका चष्मा कपाळावर चढवून विचारत, "सगळे म्हणजे कोण? आलेल्यांचं बहुमत की असलेल्यांचं?" हा प्रश्न ते मंडळाच्या सभेत विचारत, बारशाच्या जेवणावळीत विचारत आणि घरातही विचारत. काकी एकदा म्हणाली, "आज कालवण सगळ्यांका आवाडला." काकांनी विचारलं, "आलेल्यांना की असलेल्यांना?" काकीने कालवणाचं कढलं आत नेऊन ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आणलं नाही. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. त्या प्रश्नात काही दुखण्यासारखं असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आमची चाळ तळमाळा धरून चार माळ्यांची, माळ्यावर बारा खोल्या, अशा अठ्ठेचाळीस. तळमाळ्यावर जिन्याजवळ आणखी एक खोली आहे, ती रहिवासी मंडळाची. मंडळाची नियमावली, म्हणजे ज्याला सगळे 'मंडळाची घटना' म्हणतात ती, काकांनी लिहिली. निळ्या पुठ्ठ्याची वही, टपोरं अक्षर. तिच्यातलं कलम नऊ असं होतं: 'मंडळाची खोली अभ्यासिका म्हणून राहील व अभ्यासाखेरीज अन्य कोणत्याही कामासाठी वापरली जाणार नाही.' आणि हे कलम बदलायचं असेल तर आधी सर्वसाधारण सभेत देशाच्या संसदेसारखं बहुमत, आणि त्यानंतर चारपैकी तीन माळ्यांची वेगवेगळी संमती. माळ्याची संमती म्हणजे बारापैकी आठ खोल्यांच्या सह्या. त्याही आपापल्या माळ्यावर, ठरलेल्या वेळेत, स्वतः येऊन. ठराव पडला तर वर्षभर पुन्हा आणायचा नाही.

"काका, हे तर दिल्लीपेक्षा कडक झालं," असं तेव्हा कोणीतरी म्हटलं होतं म्हणतात. काका म्हणाले, "दिल्लीत भांडतात ते आपापल्या गावी निघून जातात. आपल्याला दुसऱ्या दिवशी नळावर एकमेकांची तोंडं बघायची असतात. म्हणून जरा जड केलंय."

त्या अभ्यासिकेने आमच्यातल्या कित्येकांना हात दिला. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं आणि एक टीव्ही असताना अभ्यास कुठे करणार? मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास तिथेच केला. रविवारी सकाळी काका तिथे वर्ग घ्यायचे. घटना शिकवताना ते चाळच वापरत. "हे चार माळे म्हणजे राज्यं. सभा म्हणजे संसद. आता कलम नऊ बदला बघू." कोणीतरी विचारलं, "काका, इतकं अवघड ठेवलंय तर देशाच्या घटनेत शंभराच्या वर दुरुस्त्या झाल्या कशा? पहिली तर दोन वर्षं व्हायच्या आत झाली म्हणता." काकांना हा प्रश्न फार आवडला. ते खडू खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे ते अवघड नाही. ते दमवणारं आहे. जिने चढायला लावणारं आहे. रागाने आलेला माणूस दोन जिन्यांत दमतो. गरजेने आलेला दमत नाही. तो चारी माळे चढतो."

मी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं.

पुढे हे वाक्य खरं ठरल्याचंही मी पाहिलं. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याला, त्यांना सगळे नुसतं भाऊ म्हणत, ही खोली आपल्या कार्यालयासाठी हवी होती. रस्त्याला लागून, जिन्याजवळ, मोक्याची. भाऊंनी आधी चाळीला रंग दिला, मग सभा बोलवायला लावली. सभेत खुर्च्या त्यांच्या, माईक त्यांचा, वडापाव त्यांचे. हात वर करा म्हटल्यावर अठ्ठेचाळीसपैकी चौतीस हात वर झाले. भाऊ हार घालून घ्यायला उठले, तेव्हा काका कोपऱ्यातून म्हणाले, "सभेचं झालं. आता माळे."

"काका, सगळी चाळ माझ्या बाजूने आहे," भाऊ हसून म्हणाले.

"आलेली आहे. असलेली बघूया. येत्या रविवारी, दहा ते बारा."

त्या आठवड्यात काकांच्या दारावरचा दिवा दोनदा फुटला. काकांनी दोनदा नवा लावला. रविवारी प्रत्येक माळ्याच्या गॅलरीत एकेक टेबल मांडलं, आणि तिथे माईक नव्हता, भाऊ नव्हते, नुसता कागद होता. बायका बाहेर आल्या. माझी आई आमच्या दुसऱ्या माळ्याच्या टेबलाशी येऊन म्हणाली, "माझी पोरगी कुठे बसेल मग?" आणि सही न करता परत आत गेली. तिच्या मागोमाग आणखी सहा जणी. बारा वाजता तीन माळे नाही म्हणाले होते आणि फक्त तळमाळा हो. ज्यांनी सभेत हात वर केले होते त्यातल्याच कित्येकांनी सही केली नव्हती. संध्याकाळी काकांच्या खोलीतून कधी नव्हे ते गुणगुणणं ऐकू आलं. भाऊंनी महिन्याभरात पलीकडच्या गल्लीत कार्यालय थाटलं.

आई गेली आणि आमच्या खोलीचं मत माझ्या नावावर आलं. काका निवृत्त झाले. आणि मग इंदूकाकी मोरीत पडली.

खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, पण काकी पुन्हा जिना उतरू शकली नाही. वर्षभराने तर पलंगावरून खुर्चीत यायलाही दोन माणसं लागायला लागली. काकीचं एकच मागणं होतं. वरळी कोळीवाड्यातून एक कोळीण वर्षानुवर्षं आमच्या चाळीच्या दाराशी पाटी घेऊन बसते. तिच्यासमोर उकिडवं बसून, कल्ले उचलून, घासाघीस करून मासे घेणं हा काकीच्या दिवसातला खरा भाग. आता मासे काका आणत. काकांना भारतातल्या सगळ्या राज्यांच्या विधिमंडळांची रचना पाठ होती, पण शिळी सुरमई ओळखता येत नव्हती. "नुसते माशे नकोत गो माका," काकी मला म्हणाली. "खाली बसाक होया. माणसां बघूक होयी. हय छताकडे बघून बघून माजे डोळे गेले." पहिले काही दिवस पोरांनी खुर्चीत बसवून तिला खाली नेलं. मग पोरांच्या कामाच्या वेळा बदलल्या, काकीची पाठ दुखायला लागली, आणि ते आपोआप बंद पडलं. खोल्यांची अदलाबदल करायला तळमाळ्यावरचं कोणी तयार झालं नाही.

डॉक्टर म्हणाले, तळाला जागा बघा. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच जागा होती.

नितीन, म्हणजे मंडळाचा सेक्रेटरी, कॉम्प्युटरवाला मुलगा, काकांकडे गेला. मी तिथेच काकीजवळ बसले होते.

"काका, उद्या काकीला अभ्यासिकेत शिफ्ट करू. हल्ली दोन-तीनच पोरं बसतात, ती एका बाजूला बसतील. कोण काय बोलणार?"

"कलम नऊ," काका म्हणाले.

"ओके, मग ग्रुपवर पोल टाकतो. पाच मिनिटांत होईल, टेन्शन नाय."

"पोल नाही. ठराव आण. सभा, मग माळे."

"अहो काका, काकीसाठी! भाऊंसाठी नाही."

"कागदाला काकी कोण आणि भाऊ कोण ते कळत नाही रे," काका म्हणाले. "आज माझ्या बायकोसाठी न विचारता उघडली, तर उद्या कोणासाठी बंद ठेवायची ते मी कुठल्या तोंडाने सांगू?"

काकी पलंगावरून छताकडे बघत म्हणाली, "ह्येंच्या घटनेत माका सोडून सगळ्यांक जागा आसा." आम्ही हसलो. काकाही हसले. मला तेव्हा काकांचा राग आला होता, आणि थोडा अभिमानही वाटला होता. दोन्ही एकदम वाटणं मला त्यांच्याबाबतीत नवं नव्हतं.

ठराव नितीनने मांडला. कलम नऊला पुढचं वाक्य जोडायचं: 'मात्र जिना चढू-उतरू न शकणाऱ्या आजारी रहिवाशास कार्यकारिणीच्या परवानगीने तेथे राहता येईल.' सभेत एकही हात खाली राहिला नाही. मीही हात वर केला. काका तेवढे सभेबाहेर जाऊन उभे होते. पुढच्या रविवारी, दहा ते बारा, माळे.

त्या रविवारी मी दादरला गेले होते. बँकेतल्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं आणि तिला साड्या घ्यायला सोबत हवी होती. मला सह्यांचं माहीत होतं. मी विसरले नव्हते. मला वाटलं, या ठरावाला विरोध करणार कोण? होऊनच जाईल, आणि साडेअकरापर्यंत मी परत येतेच आहे. पावणेबाराला नितीनचा फोन आला. "वैशूताई, कुठे आहेस? आपल्या माळ्यावर सातच झाल्यात. तीन खोल्या गावाला गेल्यात आणि एक दार उघडतच नाही. तूच राहिलीस." मी टॅक्सीत बसले. हिंदमाताच्या सिग्नलला टॅक्सी अडकली. मी फोनवर म्हटलं, "काकांना सांग, पंधरा मिनिटं थांबा. मी सही करतेच आहे."

मी पोचले तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. दुसऱ्या माळ्याच्या टेबलावर काका बसले होते. सात सह्यांखाली त्यांनी पट्टीने रेघ ओढली होती. नितीनने त्यांना माझा निरोप दिला होता. त्यांनी घड्याळ पाहिलं होतं आणि बाराच्या ठोक्याला रेघ ओढली होती.

तळमाळा झाला होता, दहा सह्या. पहिला झाला होता, नऊ. दुसरा अडला तो माझ्यामुळे. आणि तिसरा? तिसऱ्या माळ्यावर चार खोल्यांना कुलपं, माणसं बदलापूर-विरारकडे गेलेली. राहिलेल्या आठ. त्यातल्या सातांनी सह्या केल्या होत्या. आठवी खोली एक्केचाळीस.

"काका, तुमची सही करा ना," नितीन रडकुंडीला आला होता. "तुमची झाली तर तिसरा माळा होतो. तीन माळे होतात. संपलं."

"माझ्या फायद्याच्या ठरावावर मी सही करत नाही."

नितीनने निळी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटली. "असं यात कुठेच लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नाही," काका म्हणाले.  "लिहायला हवं होतं."

मी म्हटलं, "काका, माझी घ्या. वीस मिनिटांचा प्रश्न आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी होती.  ते रागावले नाहीत. कागद गोळा केले आणि जिना चढून वर गेले. मी खाली उभी राहून त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत होते. वरच्या माळ्यावर पोचायला त्यांना बराच वेळ लागला.

पुढचे महिने कसे गेले ते मी फार सांगू शकत नाही, कारण मी एक्केचाळीस नंबरला जाणं कमी केलं. तोंड कसं दाखवायचं हे कळत नव्हतं. काकीनेच एकदा निरोप पाठवून बोलावलं. मी गेले, पलंगाशी बसले आणि रडले. काकीने माझा हात थोपटला. "तुजा काय चुकला गो? ह्यांका ईस मिन्टां थांबाक येयत होता." मग जरा वेळाने म्हणाली, "आनी थांबले असते तर माकाच आवडला नसता. चाळीस वर्सां ह्या माणसाचा वळण बघलंय मी." ती हे माझ्या समाधानासाठी म्हणाली की खरंच, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कोळीण मात्र बुधवारी पाटी घेऊन तिन्ही माळे चढून यायला लागली होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. काकी पडल्या पडल्या कल्ले बघायची आणि भाव पाडायची.

ठराव पडल्याला दहा महिने झाले होते तेव्हा काकी गेली. सकाळी, चहाच्या वेळेला. चौघांनी तिला खाली आणलं. तीन माळे उतरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. जिन्याच्या पायथ्याशी, अभ्यासिकेच्या दारासमोर, क्षणभर सगळे थांबले, कारण वळणावर खांदा बदलायचा होता. दाराला कुलूप होतं. काका कुलपाकडे बघत होते.

वर्ष पुरं झालं आणि मंडळाच्या फळ्यावर काकांच्या अक्षरात नोटीस लागली. कलम नऊ दुरुस्ती, तोच मजकूर, मांडणार दत्ताराम पालव. मला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. सभेत नितीन उठून म्हणाला, "काका, हा आपण करूच. पण त्याच्याआधी ती माळ्यांची भानगडच काढून टाकू. साधं बहुमत, हात वर, फिनिश. तिच्यामुळेच तर..." 

"तो वेगळा ठराव," काका म्हणाले. "आण. मी विरोधात मत देईन."

"एवढं होऊनसुद्धा?"

"खोली अजून मोक्याची आहे रे. भाऊ नाहीत तर दुसरे येतील."

"आणि काकी?"

 काका उभे होते, त्यांनी टेबलाची कड धरली. "मी वर्गात सांगायचो, रागाने आलेला दमतो, गरजेने आलेला दमत नाही. ते चूक आहे. गरजेने आलेला आधी दमतो. त्याच्याकडे चढायला पाय नसतात." मग म्हणाले, "पण सोपं केलं तर रागाने आलेला घुसतो. याचा मेळ मला घालता आलेला नाही. तुम्ही तरुण आहात, बघा जमतंय का." आणि ते खाली बसले. नितीनने आपला ठराव मांडलाच नाही.

रविवारी मी साडेनऊपासून गॅलरीत उभी होते. माझ्यासारखे सगळेच. दुसऱ्या माळ्यावर वीस मिनिटांत बाराच्या बारा सह्या झाल्या. गेल्या वेळी दार न उघडणारे गृहस्थ पहिल्या नंबरला उभे होते. इतक्या सहज झालं. मी सही केली तेव्हा काका समोरच होते.

"काका, आता कशाला?" माझ्या तोंडून गेलं.

"आता माझा फायदा नाही," ते म्हणाले. "आता मी सही करू शकतो." आणि कागद घेऊन ते तिसऱ्या माळ्यावर स्वतःची सही करायला गेले.

पुढच्या महिन्यात ते गावी पुतण्याकडे राहायला गेले, ते परत आले नाहीत. दोन वर्षांनी तिकडेच वारले. आता चाळ पाडायची आहे. खोल्या रिकाम्या होताहेत, आणि अभ्यासिकेच्या कपाटातली निळी वही नितीनने गेल्या आठवड्यात माझ्याकडे आणून दिली. म्हणून हे सगळं लिहायला बसले.

मी काकांना शेवटचं नीट पाहिलं ते सह्यांच्या त्या रविवारी दुपारी, अभ्यासिकेत. त्यांनी नव्या मजकुराची चिठ्ठी आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहून आणली होती. वाटीत खळ होती, त्यांनी स्वतः केलेली, गुठळ्या झालेली. पीठ चाळायचं असतं हे त्यांना ठाऊक नसावं, ते काकी करून ठेवत असणार. त्यांनी मला पान धरायला सांगितलं. कलम नऊवर डाव्या कडेने एक रेघ ओढली, चिठ्ठी बसवली, कडक बोटाने दाबली. मग चिठ्ठी उचलून खालचं जुनं कलम वाचता येतं की नाही ते पाहिलं. येत होतं.

त्यांनी पिशवीतून आणखी काही कागद काढले. गेल्या वर्षीच्या पडलेल्या ठरावाचे, चार माळ्यांचे चार. ते मागच्या पानांवर त्यांनी तसेच कडेने चिकटवले. "पडलेलंही ठेवायचं असतं," ते म्हणाले. दुसऱ्या माळ्याच्या कागदावर बारा चौकटी होत्या, प्रत्येकीवर खोलीचा नंबर. माझ्या एकोणतीस नंबरची चौकट रिकामी होती. त्याच्या खालच्या कागदावर एक्केचाळीसची रिकामी होती. मी बघतेय हे त्यांनी पाहिलं.  बाहेर दाराशी कोळीण कोणालातरी भाव सांगत होती.

खोलीत उकडत होतं. मी पंख्याचं बटण लावायला उठले.

"राहू दे," काका म्हणाले. "ओलं आहे अजून."